आठ दिवसांची चावी

विकहून थर्सो, थर्सोहून आणखी पश्चिमेला
एका गाडीपुरता रस्ता. समोरून कुणी आलं
की एकानं थांबायचं. मेंढ्यांसाठी दोघांनी.
मागच्या सीटवर जुन्या घोंगड्या, भिंग, स्क्रूड्रायव्हर,
आणि खिशात बायकोला न सांगितलेली रक्कम.

तोवर माझ्याकडे होतं ते असं :
खोली दाखवणारा एक काटा, तडकलेल्या काचेत
शून्याच्या थोडा खाली अडकलेला.
बुडाशी गरुड असलेले दोन कप,
तिसऱ्याचा नुसता कान.
आणि एक पितळी झडप. ती उघडली की काय वाहायचं
हे सांगणारा माणूस आता कुठल्याच देशात नाही.
मी याला संग्रह म्हणतो.
मुलगी म्हणते, मुद्देमाल.

इशबेल गन, वय एक्याण्णव.
चहा ओतताना तिचा हात स्थिर होता,
माझाच कप बशीवर वाजत होता,
कारण टेबलावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
ते होतं.

मे महिना होता, ती म्हणाली. एरिबॉलच्या खाडीत
एकेक करून वर आल्या, काळी निशाणं लावून,
ओल्या, गंजलेल्या, वाटल्या होत्या त्याहून लहान.
मर्डो शिडीनं आत उतरला.
डिझेल, बुरसलेला पाव, आंघोळ विसरलेली माणसं :
तो वास त्याच्या स्वेटरमधून मी तीनदा धुतला,
चौथ्यांदा स्वेटरच पुरला.
सगळ्यांनीच काहीबाही उचललं हो.
दुर्बिणी, टोप्या. डूगलनं तर
संडासाचं झाकण आणलं, बापाच्या दुकानात टांगलं.

मर्डोनं नुसतं बोट दाखवलं.
त्याच्याच वयाचं पोर, दाढी मात्र म्हाताऱ्याची.
त्यानं चार स्क्रू काढले,
मोजून मर्डोच्या तळहातावर ठेवले.
मग खिशातून किल्ली काढून
शांतपणे, शेवटच्या वेढ्यापर्यंत, चावी दिली,
जशी दर आठवड्याला देत असेल,
आणि घड्याळ पुढं केलं.
बोलला काहीच नाही. बोलला असता तरी
मर्डोला कुठं कळणार होतं?

आमच्या चुलीवरच्या फळीवर ते सहा दिवस चाललं.
सातव्या पहाटे बंद.
मी म्हटलं, दे की चावी.
मर्डो म्हणाला, त्यानं दिली होती तेवढी संपली.
मग एकोणपन्नास वर्षं
मी त्यावरची नुसती धूळ पुसली.

मी भिंग लावलं. गरुडाच्या पंजाखाली
धातू खरवडलेला.
हे कुणी केलं?
मी. बटाट्याच्या चाकूनं.
यानं किंमत निम्मी होते, मी म्हणालो.
व्हायलाच हवी, ती म्हणाली
आणि मला दुसरं बिस्किट दिलं.

ठरली त्याहून जास्तच देऊन आलो.
तिनं नोटा न मोजता बरणीत टाकल्या,
चार स्क्रू काड्यापेटीत घालून दिले.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही.
हे घड्याळ आठ दिवसांचं असतं.
मला ठाऊक होतं, तिच्या टेबलाशीच ठाऊक होतं,
तरी मी बिस्किट खात राहिलो.

रात्री घरी, बायको झोपल्यावर,
किल्ली भोकात घातली.
फिरवायची नव्हती, नुसतं चाचपायचं होतं.
चावी संपलेली स्प्रिंग सैल लागते,
दात नसलेल्या हिरडीसारखी.
ही सैल नव्हती.
केसभर वळवली तर आतून
माझ्या बोटांना कुणीतरी मागे रेटलं.

तेल घट्ट झालं असणार. पहाटेची थंडी,
खाडीची खारट हवा, एखादा कण दात्यांत.
तेवढ्यासाठी अडलं होतं.
अर्ध्या तासाचं काम आहे, येतं मला.

किल्ली काढून घेतली.
कपाटात खोलीच्या काट्याशेजारी ते ठेवलं आहे.
मागच्या हिवाळ्यात इशबेल गेली, तेव्हा
दोनदा फोनपर्यंत जाऊन परतलो होतो.
पाहुणे विचारतात, चालतं का?
मी म्हणतो, नाही.

दोन दिवस आत आहेत अजून.
त्या पोरानं दिलेले.