मोठ्यानं वाचायची वही

गाजर आमच्याकडे किसत नाहीत.
चिरतात. आधी तिरके काप, मग कापांच्या काड्या,
आगपेटीतल्या काडीहून बारीक.
किसलं की रडतं ते, बाबा म्हणायचे,
आणि रडकं गाजर मीठ धरत नाही.

बाबा म्हणजे त्रोफिम त्यान,
ताश्कंदच्या छापखान्यात मुद्रितशोधक, चौतीस वर्षं.
तांदळातले खडे वेचावेत तसे
दिवसभर रशियन स्वल्पविराम वेचायचे
आणि संध्याकाळी उरल्यासुरल्या डोळ्यांनी
खरेखुरे तांदूळ.

चेहरा कोरियन, नाव रशियन संताचं,
शिव्या उझबेक.
पैसे मोजताना ओठ हलायचे,
पण कुठल्या भाषेत, ते कधी ऐकू आलं नाही.

शाळेत निगोरा विचारायची, तुम्ही नक्की कुठले गं?
मी घरी येऊन तेच विचारलं.
बाबांनी वाडगा पुढे सरकवला.
आधी मीठ बघ, म्हणाले.

आजोबांना आगगाडीत कोंबून इथे आणून सोडलं
तेव्हा त्यांच्या ओळखीचा कोबी इथे नव्हता.
गाजर होतं. पिवळं, ढिगानं.
एवढं एकदाच सांगितलं त्यांनी, सुरीला धार लावताना,
आणि मग बराच वेळ
धारच लावत राहिले.

बाबा गेले त्या हिवाळ्यात
व्हिनेगरच्या बाटल्यांमागे वही सापडली.
तेलकट, पुठ्ठा सुटलेली.
अक्षर बाबांचं, लिपी रशियन,
आणि मला एक शब्द लागेल तर शपथ!
चाळीस पानं मी नुसती चाटून काढली डोळ्यांनी.
कळलं ते एकच: रिम्मा.
दर चार-पाच पानांनी, रिम्मा.
मी.

वरच्या मजल्यावर सोलचा एक विद्यार्थी राहायचा, ह्योन्सो.
त्याला वही दाखवली.
त्यानं उलटीसुलटी करून पाहिली. ही अक्षरं त्याला येईनात.
मग असं ठरलं:
मी वाचायचं, त्यानं ऐकायचं.

डोळ्यांनी वाचायची वहीच नव्हती ती.
माझ्या तोंडातून माझ्या आजोबांची भाषा बाहेर पडत होती
आणि मी आपली पोस्टमन,
पत्र पोचवायचं, फोडायचं नाही.
तो मधेच हात वर करायचा. पुन्हा म्हणा.
पुन्हा म्हणायचे.
"असं आता कोणी बोलत नाही," तो म्हणाला,
आणि जरा ओशाळला.
गाजराचं म्हणाल तर, हा पदार्थही त्यांच्याकडे नाही म्हणे.
तिसऱ्यांदा वाढून घेतलं त्यानं.

तेल धूर सोडेपर्यंत तापव.
कांदा जळला की काढून टाक, त्याचं काम झालं.
दगड ठेवून दाब. घाई नको.
रिम्मासाठी तिखट घालण्याआधी वेगळं काढ.

मी छप्पन्न वर्षांची.
चारचौघांत नाका-डोळ्यांतून पाणी गाळत तिखट खाते,
कारण आम्हाला तिखट लागतंच, असं सगळे धरून चालतात.
घरी कोणी कधी विचारलं नव्हतं.
नाही. विचारायची गरज पडली नव्हती.

एक शब्द तेवढा अडला.
ह्योन्सोला येईना, त्याच्या फोनला येईना.
तो जिभेवर धरून मी बाजारात गेले,
ट्रॉलीबसमध्येही पुटपुटत,
सांडायला नको म्हणून.
कोशिंबिरी विकणाऱ्या क्लावा मावशीसमोर उभी राहिले
आणि म्हटला.

तिनं मान वर केली नाही.
पाटीखालून डबा ओढला,
मूठभर धणे पुड्यात ओतले.
"बापासारखाच बोलतेस," म्हणाली, "अर्धा शब्द गिळून."
पैसे पूर्ण घेतले.

पुडा वर्तमानपत्राचा होता.
सवयीनं वाचला.
तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम चुकला होता.
पेन होतं पर्समध्ये.
राहू दिला.