शेवटची ओळ

लग्नात सासूबाई माझ्याशी एकच वाक्य बोलल्या,
तेही जुनी म्हण म्हणून :
दोन पंथ एका उशीवर, तर मध्ये सैतान निजतो.
रात्री मी उशी झटकून पाहिली.
पिसं होती.

लेउनिस झेलंडच्या बेटावरचा,
खाऱ्या वाऱ्यात, स्तोत्रांवर वाढलेला.
मी ओडिलिया, दक्षिणेकडच्या टेकड्यांतली,
मेणबत्त्या, मिरवणुका,
आणि जेवणाआधी कपाळाकडे आपोआप जाणारा हात.
तो हात पहिल्या दिवशी त्याच्या टेबलावर
मी अर्ध्यात थांबवला,
बटा सारख्या केल्यासारखं केलं.
त्याने पाहिलं. मिठाची वाटी पुढे सरकवली.

प्रार्थना तरी एकच होती,
दोघांनी दात पडायच्या वयात पाठ केलेली.
भाकर आली, क्षमा आली, मोह आला,
वाईटापासून सुटका मागून मी आमेन म्हटलं
आणि चमचा उचलला.
तो अजून चालतच होता :
राज्य, सामर्थ्य, गौरव…
माझा चमचा सूपात,
त्याचा देव अजून सिंहासनावर बसायचा होता.

मग कितीतरी वर्षं ती ओळ आमच्यात
फाटकाबाहेर राहिलेल्या सायकलीसारखी.
मी ती म्हणत नसे. हट्ट नव्हता,
आजीने शिकवलेलं जिथे थांबतं तिथे मी थांबते, एवढंच.
चमचा मात्र खाली राहू लागला.

रविवारी पंपघरापाशी रस्ता फुटतो.
तो डावीकडे, मी उजवीकडे, घंटी वाजवून.
त्याच्याकडचं प्रवचन लांब,
म्हणून बटाटे सोलणं कायम माझ्याकडे.
त्याच्या पवित्र भाकरीला मी नाही,
माझ्या भाकरीला तो नाही.
बटाट्यांना दोघं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याची छाती उघडली.
घशात नळी, मनगटावर चिकटपट्ट्या.
मी खुर्ची ओढली, हळू आवाजात सुरू केलं
आणि माझ्या टोकापाशी येऊन उभी राहिले.
नर्सला वाटलं संपलं, तिने पडदा सरकवला.
संपलं नव्हतं.
चाळीस वर्षं ऐकलेली ती ओळ
जिभेवर येऊन बसली होती.
म्हटली नाही.
उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवतात
तशी ठेवली.
आमेनसुद्धा म्हटलं नाही.

अकरा दिवस माझी प्रार्थना उघडीच होती.
तशीच घेऊन मी बाजारात गेले, मासळी आणली,
शेजारणीशी कुंपणावरून भांडले.

घरी आला तेव्हा आवाज चुरगळलेल्या कागदासारखा.
वाटाण्याचं सूप केलं होतं.
मी माझ्या टोकापर्यंत गेले, थांबले.
तो राज्य म्हणाला.
सामर्थ्यापाशी खोकला आला, पाणी प्याला,
आणि पुढचं विसरून
माझ्याकडे पाहत राहिला.

‘गौरव,’ मी म्हणाले,
‘आणि आटप जरा, सूप निवतंय.’