षष्ठी

फॉर्मच्या चौथ्या पानावर एक चौकोन आहे,
त्यात मी कोण ते लिहायचं.
नाव नाही, ते पहिल्या पानावर झालं.
इथे फक्त कोणाची कोण.

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या
लिहिते इंग्रजीत, पण आत उमटतं ते मराठीत :
निमेष टंडेलची बायको.
"बेन, केटली कॉपी?"
त्रण, म्हणते. मग, नाही, चार.
त्यांना दर वेळी एक जास्तच लागते.

निमेष पोर्तुगीज आहे.
हे वाक्य आमच्याकडे कुणी हसल्याशिवाय ऐकत नाही.
दमणचा, बोंबील वाळवणाऱ्या घरातला;
लिस्बन त्याने पाहिलं विमान बदलताना,
दोन तास, काचेतून.
पण आजोबांचा जन्म एका जुन्या वहीत सापडला,
कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई शाबूत,
आणि त्या एका ओळीवर
तो लिमरिकच्या शीतगृहात रात्रपाळी करतो,
उजळ माथ्याने.

त्याच्या ओळीवर मी.
तो तिथे राहतो म्हणून तुला राहता येईल,
तो तिथे आहे म्हणून तुला काम करता येईल.
'म्हणून'भोवती मी पेन्सिलीने गोल काढला.
तो तिथून गेला तर?
तो माझ्यातून गेला तर?
ते वेगळ्या कलमात आहे, बारीक अक्षरात,
वर्षं मोजून.

बाबा मराठी शाळेत व्याकरण शिकवायचे.
शेवटच्या वर्षी वर्गात सात मुलं,
त्यांतली पाच मधल्या सुट्टीत गुजराती.
चा, ची, चे. खडू आपटून म्हणायचे,
ही षष्ठी. संबंध दाखवते.
हिला एकटीला उभं राहता येत नाही.
आणि ह्या सगळ्या कुटुंबाचं नाव काय?
विभक्ती! आम्ही ओरडायचो.
त्यातलं वेगळं होणं
तेव्हा ऐकू आलं नव्हतं.

मकरपुऱ्याला मी ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासते.
अकरा वर्षं झाली.
दोन गोळ्यांत अडीच मिलिमीटर अंतर ठेवायचं,
मध्ये तेल. व्होल्टेज चढवत न्यायचं
आणि बघत राहायचं, कुठवर सोसतं.
ठिणगी पडली की आकडा.
आकड्याखाली सही : व्ही. गुप्ते.
लग्नानंतरही तीच.
त्या सहीवर कुठे कुठे दिवे लागतात, मला माहीत नाही.
तिथून कुणी फोन करून विचारत नाही, कोणाची.

रविवारी निमेष म्हणाला,
इथे आधी पॅकिंगचं मिळेल, मग बघू.
त्याच्या मागच्या खिडकीत चारलाच अंधार.
मला तेलातलं कळतं, मी म्हटलं.
माहीत आहे, तो म्हणाला.
मग बराच वेळ आम्ही दोघं
पडद्याच्या कोपऱ्यातल्या आपापल्या चेहऱ्याकडे बघत होतो.

लग्न खरं आहे हे दाखवणारे फोटो जोडा.
जोडले.
एकात त्याने आणलेली सुकट, आणि आई पदर नाकाला लावून हसतेय.
एकात सुरसागरच्या कठड्यावर आम्ही,
भुईमुगाच्या शेंगांची पुडी दोघांच्या मध्ये.
भांडणाचा एकही फोटो नाही.
तो असता तर बाकीचे लागले नसते.

आणि तोही काय, आजोबांचा नातू.
त्याचाही पासपोर्ट एका 'चा'वर उभा.
हे त्याला सांगायचं राहिलं.

चौथी प्रत वाकडी आली.
कागद सरकला आणि निमेषचं नाव
काठाबाहेर गेलं.
उरली नुसतीच
ची बायको.
दुकानदार ती चुरगळायला निघाला.
राहू दे, म्हटलं, मी ठेवते.
त्याने तीन मोजल्या, टाचणी लावली,
चौथी वेगळी दिली.
"एना पैसा नहीं गणुं."