सुरुवात कुठून करायची

शर्वाणी, तुला नांदेडहून येऊन महिना झाला,
दांडिया बाजारातून रावपुऱ्यात जायला अजून रिक्षा करतेस
आणि काल सेव-उसळीवर तरी ओतता ओतता विचारलंस,
‘काका, मगरी हा बँड आधी कुठून ऐकू?’

तर.
सगळे तुला ‘पाणी सोडलंय’ देतील.
घे. नाही म्हणू नकोस. पण लगेच लावू नकोस.
त्यातलं ते जिन्यावरचं गाणं इथे इतक्यांदा वाजलंय
की फतेगंजचे चहावाले त्याच्या तालावर कप विसळायचे.
गोड आहे. आयझॅक मॅकवानचा बास
पाकासारखा, बोटाला तार येते.
पण जेवण बासुंदीने सुरू केलं
की पुढची आमटी नुसती आंबट लागते,
बिचारीचा दोष नसतो.

पहिली, ‘चार मगरी, एक पूल’, तर मुळीच नको.
काळ्या घोड्याच्या पुलावर उभं राहून ठरवलेलं नाव,
खाली विश्वामित्रीत एक खरीखुरी तोंड उघडून पडलेली,
हसते की जांभई देते ते शेवटपर्यंत कळलं नाही.
सगळे एकोणीस-विशीचे. गाणी सात, राग सतरा गाण्यांचा.
फाल्गुनी दलाल मराठी शब्द गुजराती लिपीत लिहून गायची,
‘चांदणं’ मधला च तिला कधी जमला नाही,
तो आला की डोळे मिटायची.
शिर्क्यांच्या गच्चीवर रेकॉर्ड केलेली; मधे कुकरच्या तीन शिट्ट्या,
आणि गिटार चौथीची वाट बघत थांबल्यासारखी.
तिच्यावर जीव जडायला आधी ओळख लागते.

तिसरी, निळ्या कव्हरची.
जाणकार हीच सांगतील, वर मान हलवतील.
दुसऱ्या बाजूला, ‘रविवारची रिफायनरी’त,
बाराव्या ओळीनंतर एक ठोका उशिरा पडतो.
लोक म्हणतात मुद्दाम. एकाने तर त्यावर
दहा मिनिटं व्याख्यान दिलं होतं, माझ्यासमोर.
मुद्दाम नव्हता. माझं मनगट सुजलं होतं
आणि आम्ही –
हो, आम्ही. तुझ्या नवऱ्याने सांगितलं नाही वाटतं.
तो तेव्हा दीड वर्षाचा, झांजेला भ्यायचा.

म्हणून सांगतो ते नीट ऐक: चौथीपासून सुरू कर.
‘किरकोळ’. तपकिरी पुठ्ठा, नावं बारीक अक्षरात.
तिच्यात मी नाही.
तिच्यात तरसालीचा एक पोरगा आहे, केयूर परमार,
गरब्याच्या ढोलावर वाढलेला, कुणाकडे शिकलेला नाही.
पहिल्याच गाण्यात तो चार मात्रा नुसता थांबतो.
वाजवत नाही.
मला ते कधीच जमलं नसतं, हात रिकामा राहिला
की वाटायचं, आता आपण दिसेनासे होणार.
धनंजय शिर्के सांगायला घरी आला होता, पुढे केयूर बसेल म्हणून.
चहा न पिता गेला.
सहा वर्षं मी ही कॅसेट फोडली नाही.
मग एकतीस मार्चच्या रात्री, बँकेचं क्लोजिंग आटोपून आलो,
प्लॅस्टिक नखाने काढलं
आणि त्या चार मात्रांपाशी
ताट हातात धरून उभाच राहिलो. भात गार झाला.

तिथून मागे ये. निळी, मग पाणी,
शेवटी कुकर.
पाचवी राहू दे. पाचवी त्यांनी अहमदाबादला केली.

प्लेअर माझाच ने. त्याचा उजवा स्पीकर गेलाय,
आणि पहिल्या कॅसेटमध्ये ड्रम्स सगळे उजवीकडे आहेत,
तेव्हा फाल्गुनीचं चुकीचं चांदणं तुला स्वच्छ ऐकू येईल.

बुधवारी नको, बुधवारी लाइट नसते.
गुरुवारी चारनंतर ये. येताना कापडी पिशवी आण,
आणि हे बघ, कॅसेटी खिडकीत ठेवू नकोस,
तुमच्या खिडकीत दुपारी ऊन येतं.