सोडवणूक

तीस दिवस काल भरले.
सकाळी नऊला मी कुंपणापाशी उभी,
प्रिन्स अल्बर्टच्या टोकाला, गोदामांच्याही पलीकडे.
वजा एकतीस. नाकातला श्वाससुद्धा करकरतो.
ओरेस्ट माझ्या मागे दोन पावलं.
लग्नात कधी इतका मागे राहिला नव्हता.

गाडी माझ्या नावावर, म्हणून सोडवायला मी.
घटस्फोटात आम्ही चमचेसुद्धा मोजून वाटले.
त्याच्या आईनं भरलेला लाल नक्षीचा रुश्निक,
त्यावरून तर वकिलांची दोन पत्रं झाली.
व्हॅन तेवढी राहून गेली.
सहा वर्षं चालवायचा तो, विमा भरायचा तो,
आणि कागदावर मालकीण मी.

हॉटेलातला पियानो लावायला गेला होता त्या रात्री.
उतरलेले सूर एकेक करून चढवले,
मग मजुरीत त्यांनी पाजली
आणि ह्यालाच चढली.
पुलाच्या अलीकडे पोलिसानं हात दाखवला.
फुंक म्हणाला, ह्यानं फुंकलं.
खोटं बोलला नाही, एवढं मात्र आहे.

खिडकीत व्हर्ना. फोनवर क्रीमध्ये कुणाशी तरी हसत होती,
आम्हाला बघून हसू तिथंच ठेवलं.
"मालक कोण?"
मी हात वर केला, वर्गात करतात तसा.
"नोंदणीचा कागद?"
"गाडीत आहे."
"गाडी आत आहे."
"हो."
"कागद दाखवल्याशिवाय आत सोडत नाही."
आम्ही दोघी काचेतून एकमेकींकडे बघत राहिलो.
मग तिनं थर्मासचं झाकण लावलं, जुडगा उचलला.
"चला. मी काही पाहिलं नाही."

ओढून आणल्याचे वेगळे,
रोजचं भाडं गुणिले तीस,
गोठलेली बॅटरी चालू करून हवी तर वर चाळीस.
ओरेस्टनं नोटा मोजल्या, चुकला, परत मोजल्या.
बोटं थरथरत होती.
थंडीनं असेल.
असेल, असेल करत
मी एकोणीस वर्षं काढली त्या घरात.

आवारात बर्फानं सगळ्यांना एकच रंग दिलेला.
बाहीनं पुसावं तेव्हा कळतं कुठली कुणाची.
एकीच्या मागच्या बंपरला लग्नाचे डबे अजून बांधलेले.
त्याबद्दल व्हर्नाही काही बोलली नाही.

आमचं दार कडकन उघडलं, हाड मोडावं तसं.
आत त्याची हातोडी, तारांची भेंडोळी, हिरव्या नमद्याचे तुकडे,
कपात कॉफी, दगड झालेली.
खणात नोंदणीचा कागद सापडला.
त्याच्याखाली दुसरा, घडी पडून फाटत आलेला:
मालकी बदलायचा फॉर्म.
त्याच्या अक्षरात सगळा भरलेला,
तारीख पाच वर्षांपूर्वीची,
खाली त्याची सही
आणि शेजारी माझ्या सहीची रिकामी रेघ.

मी वर पाहिलं.
तो चाकावरचा बर्फ लाथेनं पाडत होता,
फार लक्ष देऊन.

व्हर्नानं पेन दिलं. "करून टाका, आत्ताच करून टाका."
मी रेघेवर टेकवलं.
उमटेना. शाई गोठलेली.
कागदावर नुसती चर पडली, माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराची.
मी पेन मोज्यात घातलं, तळहाताशी, ऊब लागायला.

गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली.
चालवायला मी. त्याचा परवाना अजून सुटायचाय.
शेजारी बसून त्यानं पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला,
खिशातून सूरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला,
कानाशी धरला.
"बरोबर आहे?" मी विचारलं.
"हा कुठं बिघडतोय," तो म्हणाला.

पूल आला.
नदी गोठलेली, वर कुणाच्या तरी स्कूटरचे माग.
मोज्यात पेन अजून गारच होतं.
असेल आणखी थोडा वेळ.