अक्षरागणिक

वालपराइसोच्या टेकडीवर निकानोर
सकाळचा पाव फडक्यातून सोडतो
सिनेटर लाराग्विबेलच्या छातीवर.
इथला संगमरवर लवकर तापतो, म्हणतो,
मेल्यावर का होईना, उपयोगी पडला.

शेजारी कर्नल उरेहोला.
दोघांनी हयातीत एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.
आता मधे वीतभर माती,
आणि एकच मांजर
आळीपाळीनं दोघांवर झोपतं.

पाथरवट तेव्हा अक्षरागणिक पैसे घ्यायचा.
सिनेटरला एकोणीस ओळी :
कायदे, पूल, पदकं, विधवेचे अश्रू.
खालच्या उतारावर पलटणीत ढोल वाजवणारा पोरगा.
आईला परवडली त्यांच्या लिपीतली चार अक्षरं :
बेतो.
आडनाव नाही. कोणत्या बाजूनं लढला, तेही नाही.

मग एका रात्री टेकडीनं अंग झाडलं.
सिनेटरची शिळा मधोमध उलली,
तिच्यावरचा ‘अमर’ हा शब्द
घरंगळत खाली गेला
नि पोराच्या उशाशी थांबला.

पणतवंडांचा अर्ज आलाय :
तुकडा शोधून जागेवर बसवावा.
शोधतोय, निकानोर कळवतो दरवर्षी,
आणि त्याच दगडावर पाय रोवून
बेतोच्या जिरेनियमला
पाणी घालतो.