पान सात

हॉकीच्या रिंकवर प्लायवूड टाकून सभा भरली.
खालचा बर्फ बुटांतून वर चढत होता.
व्हर्ना लिंकलेटरने सतरा पानी हिशेब वाटला,
फोटोकॉपीचा, अजून कोमट.

पान सातवर चीफची विनिपेगवारी:
अकरा रात्री, हॉटेल, आणि ‘इतर’.
“इतर म्हणजे काय रे, एल्झियर?”
त्याच्या मावशीनेच विचारलं.
टोपी फिरवत राहिला हातात,
मग म्हणाला, वकिलांची जेवणं. दोनदा माझंही.
कुणी हसलं नाही.
मी चहा ओतत होते, ओतत राहिले.

त्याच पानावर, तळाला:
वल्ह्याचा विमा, साठ डॉलर.

ते वल्हं व्हर्नाच्या पणजीचं.
सरकारी माणूस शिरगणतीला आला
तो ऑगस्टात, अर्धा गाव
नदीच्या मुखाशी मासे वाळवत असताना.
माणशी एकशे अठ्ठावीस एकर.
जे दिसले नाहीत, ते जन्मलेच नाहीत.
म्हातारीने परतल्यावर चाकू घेतला
आणि माणशी एक खाच पाडली,
तान्ह्यांना लहान.
एकेचाळीस.
तेवढ्यांची जमीन अजून दुसऱ्याच्या गव्हाखाली आहे.

मावशी त्या साठ डॉलरांवर बोट ठेवून बसली.
“आपलं वाचून झालं,” म्हणाली,
“त्यांची पानं कोण वाटणार?”

एल्झियरने पेन्सिल मागितली,
‘इतर’ खोडलं, ‘जेवणं’ लिहिलं.
दारात पोरं स्केट्स गळ्यात अडकवून उभी,
प्लायवूड कधी उचलता म्हणत.